अंगात जोर येईल, पण कुणाच्या हुकमाने?

रोवणीच्या दिवसांत करडीतल्या एखाद्या बाईसमोर योगासनांचा विषय काढला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो. दिवसभर बांधीतल्या चिखलात कमरेतून वाकून पऱ्हे रोवायचे आणि घरी आल्यावर पुन्हा व्यायाम? प्रश्न रास्त आहे. तीच बाई वर्षभरापूर्वी घरातला कर्ता माणूस गमावून बसलेली असेल, तर तो अधिकच बोचरा होतो. तिला रात्री झोप नाही, सकाळी खाटेवरून उठवत नाही, भाताचा घास घशाखाली उतरत नाही. शेजारीपाजारी मात्र सांगत राहतात: जरा चालफिर कर, योग कर, मन रमेल.

मोहाडी तालुक्यातले करडी हे धानाच्या पट्ट्यातले गाव. कोका अभयारण्याचे जंगल फार लांब नाही. त्यामुळे मोहफूल आणि तेंदूपत्त्याचा हंगाम आणि जंगली जनावराची धास्ती या भागात एकत्रच येतात. भंडारा जिल्ह्याने गेल्या काही वर्षांत एकामागून एक घाव सोसले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन ८ कामगारांचा जीव गेला. बातमी काही दिवसांत जुनी होते. मागे राहिलेल्यांच्या अंगात उतरलेला थकवा मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

त्या थकव्यावर योगाचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर कसल्या योगाचा, यावर करडीसारख्या गावात दोन माणसांची जोरदार वादावादी होऊ शकते. त्यांना इथे गुरुजी आणि सिस्टर म्हणू. ही दोन भूमिकांची नावे आहेत. दोन ठरावीक व्यक्ती शोधायला जाऊ नये. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पहाटे चारला उठणारे. नागपूरच्या रामनगरात १९५१ पासून जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ योग शिकवते, तेही एक पैसा न घेता. गुरुजींचा आदर्श तोच. सिस्टरांची हयात उपकेंद्रांत गेली. बाळंतपणे, लसीकरण, सर्पदंश, आणि आत्महत्या झालेल्या घरी सर्वांत आधी पोचण्याची वेळ, हे सगळे त्यांनी पाहिले आहे.

गुरुजींचे म्हणणे सरळ आहे. "थकवा अर्धा मनाचा असतो, सिस्टर. माणूस पडून राहिला की आणखी पडतो. पहाटे उठवायचं, बारा सूर्यनमस्कार घालून घ्यायचे, भस्त्रिकेची तीन आवर्तनं. अंगात ऊब आली की दुःखाला बसायला जागा राहत नाही."

"उठवता कुणाला, गुरुजी? जी रात्रभर जागीच होती, तिला?"

इथेच दोघांच्या वाटा फुटतात. सिस्टरांना रोज दिसणारा थकवा आळसातून आलेला नसतो. मोठा आघात झाल्यावर शरीर पहाऱ्यावर राहते. दार आपटले तरी छाती धडधडते, खांदे ताठ, जबडा आवळलेला, झोप तुकड्यातुकड्यांची. हा पहारा दिवसेंदिवस चालू राहिला की काही जणांचे शरीर उलट्या टोकाला जाते. हातपाय जड होतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, कशातच जीव लागत नाही. दोन्ही अवस्था एकाच माणसात एकाच दिवशी आलटून पालटून येऊ शकतात. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच, की ही बाई बसून असते.

"आणि दुसरं," सिस्टर म्हणतात, "मनाचं म्हणण्याआधी रक्त तपासा."

हा मुद्दा पूर्व विदर्भात बाजूला ठेवता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर हा तर सिकलसेलचा पट्टा. सिकलसेलच्या रुग्णाला अतिश्रम, थंडी आणि अंगातले पाणी कमी होणे, या तिन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा बाईला पहाटेच्या गारव्यात उपाशीपोटी सूर्यनमस्कार घालायला लावणे म्हणजे मदतीच्या नावाखाली धोका पत्करणे. हिमोग्लोबिन, सिकलसेल, थायरॉईड, सततचा खोकला आणि ताप असेल तर क्षयाची तपासणी; हे आधी. सतरंजी नंतर.

गुरुजी हे मान्य करतात, पण आपला मुद्दा सोडत नाहीत. त्यांच्याकडे पुरावे आहेत.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात विस्थापितांच्या छावणीत डॉ. शर्ली टेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ जणांना आठवडाभर योग शिकवला. भीती, अस्वस्थता, उदासी आणि झोपमोड या चारही तक्रारी कमी झाल्याचे लोकांनी स्वतः नोंदवले. श्वासाचा वेगही उतरला. २००८ मध्ये बिहारमध्ये कोसीने पात्र बदलले. त्या पूरग्रस्तांपैकी २२ जणांचे दोन गट करून डॉ. टेलिस यांनी पुन्हा पाहिले. आठवडाभर योग करणाऱ्यांची उदासी कमी झाली. ज्यांना काहीच शिकवले नव्हते, त्यांची चिंता त्याच आठवड्यात वाढली.

"आपल्यासारखीच माणसं, सिस्टर. पूर आपणही पाहिला. त्यांना लाभ झाला, तर करडीच्या माणसाला का नाही?"

"होईल. पण ४७ आणि २२ हे आकडे लहान आहेत. अंदमानात तुलनेला योग न करणारा गट नव्हता. बिहारमध्ये होता, म्हणून तो अभ्यास मला जास्त पटतो. आणि दोन्हीकडे काळ आठवड्याचा. आपल्याला जिच्याबद्दल बोलायचं आहे, ती वर्ष झालं तरी झोपत नाही."

जुन्या, मुरलेल्या आघातावरचा ठळक अभ्यास अमेरिकेतला आहे. मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. आधीच्या उपचारांनी बरे न वाटलेल्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना १० आठवडे, आठवड्यातून एक तास, खास आखलेला सौम्य योग. उरलेल्यांना तितकाच वेळ आरोग्यविषयक माहिती आणि आधार. शेवटी योग केलेल्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया आघातोत्तर तणाव विकाराच्या निदानात बसेनाशा झाल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. पुढे २०२३ मध्ये अटलांटा आणि पोर्टलंड इथल्या माजी महिला सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लष्करात असताना लैंगिक अत्याचार सोसलेल्या या स्त्रियांमध्ये त्याच पद्धतीचा योग एका प्रस्थापित मानसोपचाराइतकाच उपयोगी ठरला, आणि उपचार अर्धवट न सोडता पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण योगाच्या गटात जास्त होते.

गुरुजींचा चेहरा खुलतो. सिस्टर मात्र विचारतात, तो योग कसा होता?

तो गुरुजींच्या वर्गासारखा नव्हता. डेव्हिड इमर्सन यांनी बोस्टनजवळच्या केंद्रात घडवलेल्या या पद्धतीत शिक्षक कुणाच्या अंगाला हात लावून आसन दुरुस्त करत नाही. डोळे मिटाच, असे सांगत नाही. प्रत्येक हालचाल सुचवली जाते: हवे असेल तर हात वर न्या, नको असेल तर खालीच राहू द्या. आसन बरोबर की चूक, याला तिथे महत्त्व नाही. हात वर नेताना खांद्यात काय जाणवते आणि त्यावर आपण काय करायचे ठरवतो, याला आहे.

"मग त्याला योग कशाला म्हणायचं?" गुरुजी खरोखर अस्वस्थ होतात. "शिस्त नाही, क्रम नाही, ज्याला जे वाटेल ते. चाळीस वर्षं पोरांना ताठ बसवलं मी. शिस्तीनंच माणूस उभा राहतो."

"पोरांवर कुणी अत्याचार केला नव्हता, गुरुजी. जिच्या अंगाबाबत सगळे निर्णय दुसऱ्यांनीच घेतले, तिला आपण पुन्हा सांगायचं, अशी बस, असा श्वास घे, हलू नको? तुम्ही मागून येऊन पाठीवर हात ठेवलात तर ती दचकेल. सगळ्यांसमोर शवासनात डोळे मिटून पडायला सांगितलं, तर जे विसरायचा प्रयत्न करतेय तेच डोळ्यांसमोर येईल. घाबरल्यावर श्वास जलद होतो. भस्त्रिकेनं तोच वेग आपण मुद्दाम आणला, तर तिचं शरीर समजेल की संकट पुन्हा आलं."

सिस्टरांचा हा मुद्दा परंपरेच्या विरोधात जात नाही. पतंजलींनी योगसूत्रांत आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्याच्या जोडीला सुखही ठेवले आहे. मोडलेल्या माणसाला शिकवताना आपण पहिली अट पाळतो आणि दुसरी विसरतो. महाराष्ट्राला तर याचे जवळचे उदाहरण आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते लहानपणीच्या हिवताप, विषमज्वर आणि क्षयाने खंगलेल्या शरीरातून उभे राहत. पुढे जगभर कीर्ती झाल्यावर, १९७९ मध्ये, साठीत पोचलेल्या अय्यंगारांना स्कूटरच्या अपघातात खांदा, कणा आणि गुडघ्यांना इजा झाली. साध्या आसनांपासून त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली. त्यांच्या पद्धतीत खुर्ची, दोर, घडी केलेली ब्लँकेटे, लोड यांना जे स्थान आहे, त्याचे कारण हेच: आसनासाठी शरीराला ताणण्यापेक्षा शरीर जिथे आहे तिथे आसन आणायचे. शिस्तीबद्दल अय्यंगार अतिशय कडक होते. तरीही टेकू देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

हे नाव निघाल्यावर गुरुजी नरमतात, आणि एक महत्त्वाची गोष्ट तेच सांगतात. उदासीत खांदे पुढे झुकतात, छाती मिटते. अय्यंगार पद्धतीत अशा वेळी टेकू देऊन छाती उघडणारी, मागे झुकणारी आसने आणि उभी आसने देतात. लॉस एंजेलिसमध्ये सौम्य नैराश्य असलेल्या २८ तरुणांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे पाच आठवडे करून पाहिले गेले; योग करणाऱ्यांची उदासी आणि चिंता कमी झाली.

"आणि रोवणीत काय होतं, सिस्टर? दिवसभर पुढे वाकणं. म्हणून तिला व्यायाम नको, हे खरं नाही. तिला उलट्या बाजूची हालचाल हवी."

या मुद्द्यावर सिस्टर पहिल्यांदा पूर्णपणे हो म्हणतात. त्यात त्या एकच भर घालतात: बांधीत कधी वाकायचे आणि कधी थांबायचे हे मुकादम आणि ढग ठरवतात. सतरंजीवर ते तिने ठरवावे. मजुरी आणि हा योग यांतला खरा फरक तो.

मग दोघे मिळून क्रम आखतात. एकूण वेळ १० ते १२ मिनिटे, पोट फार भरलेले नसताना, पण उपाशीही नाही. सुरुवात प्लास्टिकच्या खुर्चीवर किंवा ओट्यावर बसून. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, डोळे उघडे, दार दिसेल अशी बैठक. पाठीमागे भिंत, म्हणजे मागून कुणी येण्याची धास्ती नाही. पायाखालची जमीन जाणवते का, थंड की कोमट, एवढेच पाहायचे. मग खांदे वर, मागे, खाली. मग श्वास घेताना हात बाजूने जितके सहज जातील तितके वर, सोडताना खाली, चार-पाच वेळा. उभे राहणे जमत असेल तर भिंतीला पाठ लावून ताडासन. गुडघ्यांवर येणे जमत असेल तर मार्जारासन, पाठ आधी गोल, मग खाली. शेवटी पाठीखाली छातीच्या मागे गोधडीची बारीक घडी ठेवून उताणे, किंवा पोटऱ्या खाटेवर ठेवून जमिनीवर. उताणे पडणे नको वाटले तर कुशीवर. तेही नको तर बसूनच.

श्वासाबद्दल बराच खल होतो. गुरुजींना कपालभाती सोडवत नाही. पण उच्च रक्तदाब, हर्निया, गरोदरपण, पोटाची ताजी शस्त्रक्रिया यांत ती वर्ज्य, हे ते स्वतःच शिकवत आले आहेत. आता त्या यादीत ताजा आघातही घालायला ते तयार होतात. त्याऐवजी लांब उच्छ्वास. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना मंदावते, हा शरीराचा साधा नियम. त्यामुळे श्वास न रोखता, सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा थोडा जास्त ठेवला की पहारा ढिला होऊ लागतो. श्वासाकडे लक्ष गेल्यावर गुदमरल्यासारखे वाटणारेही असतात. त्यांनी श्वासाचा नाद सोडून नुसते हात हलवावेत. आणि ज्याचे अंग बधिर, जड झाले आहे, त्याला शांत करण्याची घाई नको. त्याच्यासाठी उभे राहणे, पाय आपटणे, तळहात एकमेकांवर चोळणे, सकाळच्या उन्हात चार पावले चालणे अधिक कामाचे.

थांबण्याचे नियम सिस्टर ठरवतात. चक्कर, छातीत कळ, हातपाय सुन्न, जुने दृश्य डोळ्यांसमोर, आपण इथे नाहीच असे वाटणे, यांपैकी काही झाले की थांबायचे, डोळे उघडे ठेवायचे, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे घ्यायची, पाणी प्यायचे. कारण सांगावे लागणार नाही.

"किती दिवसांत फरक पडेल?" गुरुजी विचारतात.

"रोवणी झाल्यावर पऱ्हे काही दिवस पिवळे पडतात, गुरुजी. मूळ धरलं का, हे बघायला कुणी ते उपटत नाही."

आतापर्यंतचा वाद योग कसा करावा याचा होता. पुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि तो सिस्टरांना सर्वांत जास्त छळतो. नुकसानभरपाईची फाइल अडकलेली, सावकाराचे देणे डोक्यावर, पोराची फी थकलेली; अशा घरात जाऊन खांदे फिरवा म्हणायला जीभ धजत नाही. अन्यायाने आलेला थकवा आसनाने काढायला गेले, तर अन्याय करणाऱ्यांची सोय होते.

गुरुजींचे उत्तर शांत आहे. "भरपाईसाठी मोहाडीला खेटे घालायलाही अंगात ताकद लागते. कागद वाचायला डोकं ठिकाणावर लागतं. रात्रीची चार तास झोप तिला मिळाली, तर तहसीलदारासमोर ती नीट बोलेल. मी योग शिकवतो म्हणून तिची फाइल सुटली, असं कुणी म्हणू नये. पण फाइल सुटेपर्यंत तिनं झोपायचंच नाही का?"

दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि विदर्भातच त्याचा पुरावा आहे. शेतकरी आत्महत्यांच्या छायेतल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणे, समुपदेशन, गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणे आणि सामाजिक अडचणींत मदत, असे त्याचे स्वरूप होते. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले. त्या गावांत मुख्य साधन होते ओळखीचे माणूस आणि त्याचे ऐकून घेणे. सौम्य योगाची जागा अशा कामाच्या शेजारी आहे. तो एकटा वर्गात उभा केला, तर त्याच्यावर न पेलणारे ओझे पडते.

म्हणून सिस्टरांची अट पक्की आहे. महिना उलटूनही झोप, दचकणे, तीच दृश्ये, माणसे टाळणे कमी होत नसेल, तर आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवायचे. चालू गोळ्या योगासाठी बंद करायच्या नाहीत. जीव द्यावासा वाटतो असे कुणी बोलले, तर त्या माणसाला एकटे सोडायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येते. हा क्रमांक योगवर्गाच्या भिंतीवर सूर्यनमस्काराच्या तक्त्याशेजारी मोठ्या अक्षरांत हवा, असा त्यांचा आग्रह. गुरुजी तो लगेच मान्य करतात.

एक गोष्ट मात्र मिटत नाही. गुरुजींना वर्ग समाजमंदिरात हवा, सकाळी साडेपाचला, हजेरीपटासह. माणसाने दुःख घेऊन चार लोकांत यावे, एकत्र श्वास घ्यावा, यावर त्यांचा विश्वास आहे, आणि घरात कोंडलेल्या बाईला बाहेर पडायला निमित्त मिळते हे खोटे नाही. सिस्टरांना दोघी-तिघींचा गट हवा, एखाद्या घरच्या पडवीत, दुपारी, हजेरीशिवाय. विधवा बाई गावासमोर हातपाय ताणताना कोण काय बोलेल, हे त्यांना ठाऊक आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगसत्रे होतातच. तिथल्या शिक्षकांना आणि आशाताईंना हात न लावता, हुकूम न देता शिकवण्याचे प्रशिक्षण मिळावे, ही त्यांची मागणी. गुरुजी म्हणतात, आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, आणखी एक काम द्यायचे तर मोबदलाही द्या. सिस्टर म्हणतात, तो द्यायलाच हवा.

तूर्त ठरले आहे ते इतकेच. रोवणीचा हंगाम असेपर्यंत वर्ग पडवीत, दोघी-तिघींचा, सिस्टरांच्या देखरेखीखाली. क्रम गुरुजी शिकवतील, समोर बसून, जागेवरून न उठता. कोण आली आणि कोण नाही याची नोंद ठेवायची नाही. धान कापणीला आल्यावर त्या बायकांनाच विचारायचे, की समाजमंदिरात यायचे का, आणि त्या नाही म्हणाल्या तर गुरुजींनी पुन्हा विचारायचे नाही.